डक्ट वाजत नव्हता

कंपनीने दिलेल्या शेवटच्या कागदावर इंग्रजीत असं लिहिलंय की स्टुडिओतल्या एसीच्या डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचा, आवाज या माणसाला बंद करता आला नाही, सबब त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवता येत नाही. मुलीने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. कागद खोटा आहे. माझा डक्ट वाजत नव्हता. तेहतीस वर्षं या देशात पत्रा कापला, वाकवला, छताला टांगला, पण माझ्या हातचा डक्ट वाजतो असं कोणी कधी म्हटलं नाही. आता ते खोटं कागदावर कुठून आलं हे सांगायचं तर आधी मला माझीच गचांडी धरावी लागते. तोंडाने ते मी कोणाला सांगणार नाही. म्हणून लिहायला बसलो. रत्नागिरीकडच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलोय, तेवढ्या अक्षरांत मावेल ते.

सध्या मी मुलीकडे असतो, दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, चौदाव्या मजल्यावर. नात इंग्रजीत बोलते, जावई लॅपटॉपशी बोलतो. त्याआधी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात स्टाफच्या खोलीत होतो आणि तिथून चालत दहा मिनिटांवर तो स्टुडिओ. बाहेरून गोदाम, आत टीव्हीचे कार्यक्रम. तिथल्या एसीचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि शेवटची सहा वर्षं तिथे कंपनी म्हणजे मी एकटा होतो.

स्टुडिओचा एसी हे वेगळं काम आहे. मॉलमध्ये हवा धावते, पण तिचा आवाज ऐकू येत नाही कारण माणसंच जास्त ओरडतात. स्टुडिओत माइक लावलेले असतात. तिथे हवा आली पाहिजे पण आलेली कळता कामा नये. म्हणून डक्ट मोठा ठेवायचा, हवा हळू सोडायची, आतून जाड अस्तर लावायचं आणि जिथे पत्रा पत्र्याला भेटतो तिथे रबर घालायचं. रबर चुकलं की मशीन सुरू झाल्यावर पत्रा थंड होऊन आकसतो आणि टिकटिक करतो. मी रबर चुकवत नाही.

माझी बायको आमच्या गावातच राहायची. इथे दोनदा आली, एकदा फिरायला आणि एकदा मुलीच्या बाळंतपणाला. तिला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचं वेड होतं. मराठी असो, हिंदी असो, लहान पोरांची असो, ती सोडायची नाही. मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायचो आणि ती मला आदल्या दिवशीचा सगळा कार्यक्रम सांगायची. कोण सुरात होता, कोणाची आई स्टेजवर येऊन रडली, कोणत्या जजने आपल्या माणसाला पुढे ढकललं. मला त्यातलं काही नको असायचं. मी डबा खायचो आणि हूं हूं करायचो. मी स्टुडिओत लागलो तेव्हा तिला असं झालं जसा मीच फायनलला गेलोय. पहिला प्रश्न काय, तर जज खरंच रडतात का. मी म्हटलं, रडायच्या आधी मेकअपवाली येऊन पावडर लावून जाते, मग रडतात. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. व्हिडिओवर ती यायची नाही, मी भोक बघेन म्हणून. म्हणून साधा फोन. मी बोलायचो आणि ती हातातली काचेची बांगडी फोनवर वाजवायची. एक टिक म्हणजे हो. दोन टिक म्हणजे नाही. तीन म्हणजे पुरे, आता ठेव. चौदा महिने आमचा संसार असा चालला. आता सांगायचं काम माझ्याकडे आलं. आज स्टुडिओत कोण आलं, कोण हरलं, कोणाचा बाप प्रेक्षकांत झोपला. कधी कधी मी थापाही मारायचो. ती दोन टिक करायची, म्हणजे खोटं बोलतोस.

ती गेली ते मी बघितलं नाही. सकाळी मेव्हण्याचा फोन आला. आमच्यात मय्यत थांबवून ठेवत नाहीत. मला तिकीट मिळालं रात्रीचं, तिला दफन केलं दुपारच्या आत. मी पोचलो तेव्हा कबरीवर शिंपडलेलं पाणीही वाळलं होतं. चाळीस दिवस करून परत आलो. मुलगी म्हणाली, अब्बा, आता नोकरी सोडा. मी म्हटलं, सोडून काय करू, तुझ्या सोफ्यावर बसू? आणि स्टुडिओत गेलो तर समोर नवीन स्पर्धा उभी. सगळ्या देशांतले गाणारे, सगळ्या भाषा, तीन जज, मोठं घड्याळ, तोच तमाशा. आता तो सांगायला मला कोणी नव्हतं. मला प्रत्येक गाणाऱ्याचा राग यायचा. गळा आहे म्हणून उघडतात आणि त्यावर दिवे सोडतात.

त्यात ते मंगोल जोडपं आलं.

तो पन्नाशीचा असेल. रुंद चेहरा, उन्हाने भाजलेला, निळा लांब झगा, त्यावर नारिंगी पट्टा. हातात दोन तारांचं वाद्य, त्याच्या टोकाला घोड्याचं तोंड कोरलेलं. पासपोर्ट चीनचा होता, पण पहिल्याच दिवशी टीव्हीच्या पट्टीवर त्याच्या नावाखाली नुसतं चीन लिहिलं तर हा माणूस स्टेजवर चढेना. मंगोल लिहा म्हणाला. पाऊण तास सगळे उभे. मी वर छताजवळ डक्टपाशी बसून बघत होतो आणि मला भयंकर संताप आला. मला इथे तेहतीस वर्षं सगळे हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात, कोकणातला मुसलमान अशी पट्टी लावा म्हणून मी कोणाला अडवून धरलं नाही. शेवटी त्यांनी मंगोल लिहिलं. त्याने वाकून नमस्कार केला आणि गायला लागला.

गाणं कसलं. खालचा आवाज बेअरिंग गेलेल्या कंप्रेसरसारखा घरघर करतो, आणि त्याच वेळी त्याच तोंडातून वर एक शीळ निघते, गॅसच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं की निघते तशी. दोन्ही एकदम. मी आधी खाली बघितलं की दुसरा कोण गातोय. कोणी नाही. एका गळ्यातून दोन आवाज. प्रेक्षक उभे राहिले, जजबाईने डोळ्यांना रुमाल लावला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट. याला अल्लाने एका गळ्यात दोन दिले आणि माझ्या बायकोकडचा एक होता तो काढून घेतला. त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोळ्यांत सलायला लागला.

त्याची बायको रोज यायची. ठेंगणी, गालांवर लाली, मांडीवर स्टीलचा मोठा थर्मास. त्यात दुधाचा खारट चहा असायचा, मीठ घातलेला. गाणं संपलं की झाकणात ओतून त्याला द्यायची आणि तो पीत असताना पाठीवर हात ठेवायची. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची तिची ठरलेली. त्यांच्याबरोबर त्यांच्याच भाषेची एक मुलगी होती, अबुधाबीच्या एका हॉटेलात नोकरी करणारी. ती त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायची. तिनेच एकदा कॅमेऱ्यासमोर सांगितलं की याला जिंकायचं वगैरे काही नाही, फक्त फायनलपर्यंत जायचंय. कारण बाकी सगळ्या फेऱ्यांत मागे रेकॉर्ड केलेला ट्रॅक असतो, ढोल, व्हायोलिन, काय काय. फायनलमध्ये मात्र प्रत्येकाला एक गाणं आपल्या पद्धतीने, ट्रॅकशिवाय म्हणू देतात. त्याच्या बापाचं एक गाणं होतं, ते त्याला तिथे म्हणायचं होतं. ढोल न लावता. बस, एवढंच. त्यासाठी तो इतक्या लांब आला होता आणि आता फक्त एक फेरी उरली होती.

त्या फेरीच्या तालमी चार दिवस होत्या. पहिल्याच दिवशी फ्लोअर मॅनेजर वर आली. ही पुण्याची पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची. कानात यंत्र, हातात वॉकीटॉकी, चालणं पळण्यासारखं. म्हणाली, "काका, साउंडला एक टिक येतेय. एव्हरी टेक. तो म्हणतो डक्ट आहे."

मी म्हटलं, "त्याला सांग कान धुऊन ये."

ती हसली नाही. साउंडचा माणूस लेबनॉनचा, कामाला पक्का, तोंडाला गोड, आमच्याशी मोडकं हिंदी बोलणारा. सगळ्यांना हबीबी, म्हणजे जिवलगा, म्हणतो आणि मग तक्रार लिहितो. ती म्हणाली, खऱ्या रेकॉर्डिंगला टिक आली तर रिपोर्ट तुमच्या कंपनीला जाईल. मला ठाऊक होतं रिपोर्ट गेला तर काय. साठीच्या वर माणसाचं कॉन्ट्रॅक्ट इथे एकेका वर्षाचं असतं, आणि आमच्या ऑफिसात माझ्यासाठी निमित्त शोधणारा बसलेलाच होता.

मी कामाला लागलो. छताखाली लोखंडी जाळीची वाट आहे, तिला कॅटवॉक म्हणतात. तिच्या बाजूनेच डक्ट जातो, स्टेजच्या बरोबर वर त्याचं एक तोंड आहे. मी खडू घेतला, मनगटावरचं घड्याळ घेतलं आणि डक्टला कान लावून बसलो. टिक शोधायची पद्धत असते. किती वाजता झाली, मशीन सुरू होऊन किती वेळ झाला होता, ते पत्र्यावरच लिहायचं. पत्रा आकसत असेल तर सुरुवातीला जास्त टिका येतात आणि मग कमी होत जातात. ही टिक तशी नव्हती. मशीन सकाळी सुरू करा, दुपारी करा, ही यायची फक्त त्या मंगोलाच्या गाण्यात. ट्रॅक सुरू झाल्यावर एक्केचाळीस सेकंदांनी एक. मग सत्तराव्या सेकंदाला एक. मग एकशे अठराव्याला एक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पत्रा घड्याळ बघत नाही. मला कळलं की हे माणसाचं काम आहे.

चौथ्या दिवशी मी डक्ट सोडला आणि खाली बघत राहिलो. चाळीस. एक्केचाळीस. तिसऱ्या खुर्चीतल्या बाईच्या बोटात जाड चांदीची अंगठी होती. तिने ती थर्मासच्या झाकणावर एकदा वाजवली. हलकेच. स्टेजवर त्याने तोंड उघडलं.

नंतर मला सगळं समजलं, त्या हॉटेलवाल्या मुलीने समजावून सांगितलं. त्यांची गाणी श्वासावर चालतात. श्वास जेवढा पुरेल तेवढा सूर, वाऱ्यात उभं राहून म्हणायची गाणी, त्यांना ढोलाचं मोजमाप नाही. टीव्हीवाल्यांनी खालून ट्रॅक घातला, आणि ट्रॅक कोणाच्या श्वासासाठी थांबत नाही. बाकीचे गाणारे कानात यंत्र घालतात, त्यात ठोके ऐकू येतात. याने कान बंद केला की त्याला स्वतःची वरची शीळच ऐकू येईना. म्हणून त्याने यंत्र काढून टाकलं. आणि बायकोने रात्र रात्र तो ट्रॅक ऐकून तीन जागा पाठ केल्या, जिथे त्याने सुरू करायचं. तिथे ती टिक करायची. प्रेक्षकांतून गाणाऱ्याला खूण करायची नाही असा नियम होता, तो त्यांना ठाऊक होता की नाही देव जाणे.

पण हे नंतरचं. त्या क्षणी मी कॅटवॉकवर गुडघ्यांवर बसलो होतो. एक बाई एक टिक करते आणि एक माणूस ती ऐकतो, वागतो तिच्याप्रमाणे. मला वाटलं हा थर्मास खाली जाऊन लाथेने उडवावा.

मी खाली गेलो आणि पुण्याच्या पोरीला गाठलं. म्हटलं, "तुझा डक्ट पहिल्या रांगेत बसलाय. तिसरी खुर्ची. अंगठी बघ."

"काका, आर यू शुअर? सिरियस आहे हे."

"चार दिवस मोजलंय. वर खडूने लिहिलंय, येऊन वाच."

ती वाचायला आली नाही. तिने त्याच दिवशीच्या पुढच्या तालमीत कॅमेरा त्या बाईच्या हातावर धरायला सांगितला आणि मग काय, सगळ्यांनीच बघितलं. दोन तास मीटिंग झाली. काढून टाकायचा की ठेवायचा. ठेवायचा ठरलं, कारण लोकांना तो आवडत होता. पण रेकॉर्डिंगच्या वेळी बाई बाहेर बसेल. त्याने त्या मुलीकरवी विनवलं की मग ट्रॅक तरी काढा, मी नुसता गातो. त्यांनी सांगितलं की फॉरमॅट सगळ्यांना सारखा.  तो वाद्यावरच्या घोड्याच्या तोंडावर हात फिरवत राहिला.

पुण्याची पोरगी जाताना मला थँक्यू काका म्हणाली. मी त्या दिवशी कँटीनमध्ये दोन पराठे खाल्ले. माझी नोकरी वाचली होती, माझा डक्ट निर्दोष सुटला होता, आणि त्या दोघांची टिकटिक बंद झाली होती. मला बरं वाटलं. खोटं का लिहू, बरं वाटलं.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. मशीन लावलं, हवा बघितली आणि वर जाऊन बसलो. हातात पाना होता, सवयीने असतोच. खाली तिसरी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिथे भाड्याची प्रेक्षक बसवली होती. त्या बायका एका एजन्सीकडून येतात, टाळ्या वाजवायला. ही मोबाइल बघत होती.

तो स्टेजवर आला. वाकला. मग त्याने सगळ्यात आधी तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं, आणि त्या परक्या बाईच्या हातांकडे बघितलं.

ट्रॅक सुरू झाला. मी घड्याळ बघायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं, पण बघायला लागलो. माझ्या बाजूला डक्ट. पत्र्यावर माझ्याच हाताने खडूने लिहिलेलं, एक्केचाळीस, सत्तर, एकशे अठरा. डक्टचं तोंड त्याच्या डोक्यावर. मी पत्र्याचा माणूस आहे, मला नीट ठाऊक होतं की पान्याने इथे एकदा टिचकी मारली तर ती थेट त्याच्या कानात उतरेल. साउंडवाला लिहील डक्ट म्हणून. लिहू दे. तीन टिचक्या, बास. तो फायनलला गेला असता, बापाचं गाणं म्हणाला असता आणि घरी गेला असता.

वीस सेकंद. तीस.

आता ते सांगतो जे कोणाला सांगितलं नाही. बायको जायच्या आदल्या दिवशी मी याच कॅटवॉकवर होतो. दुपारचा फोन केला होता, तिला त्या वेळच्या स्पर्धेचं सांगत होतो. वॉकीटॉकीवर साउंडवाला ओरडला, यल्ला, म्हणजे चला, रेकॉर्डिंग, वर कोण बोलतंय. मी फोनमध्ये म्हटलं, "ठेवू का?"

टिक टिक.

दोन. म्हणजे नाही. चौदा महिन्यांत तिने या प्रश्नाला कधी दोन टिका केल्या नव्हत्या. ती नेहमी तीन करायची, स्वतःच, पुरे आता ठेव. त्या दिवशी दोन. मी ऐकल्या. स्पष्ट ऐकल्या. आणि म्हटलं, अगं ड्युटीवर आहे, खलास, उद्या करतो. आणि ठेवला.

चाळीस सेकंद. पाना हातात होता. एक्केचाळीस.

मी वाजवला नाही.

विसरलो नाही, हात अडकला नाही, कोणाला घाबरलो नाही. मुद्दाम नाही वाजवला. माझ्या बायकोच्या दोन टिकांची मी किंमत केली नाही, मग या बाईच्या एका टिकेवर कोणाचं भलं का व्हावं, असं माझ्या मनात होतं. ते इतकं स्वच्छ होतं मनात की लिहिताना शब्द शोधावे लागत नाहीत.

तो एक श्वास उशिरा शिरला. खालचा आवाज लागला, पण वरची शीळ चढायला लागली तोवर ढोल आले आणि तिच्यावर बसले. तो थांबला. परत सुरू झाला, आता फार लवकर. सत्तराव्या सेकंदाला त्याने मान वर केली. देवाकडे बघत असेल, नाही तर दिव्यांकडे. मला वाटलं माझ्याकडेच बघतोय. मी जाळीवर मागे सरकलो. एकशे अठराव्या सेकंदाला तो गात नव्हता, फक्त वाद्य वाजवत होता, हळू, ट्रॅकशी काही संबंध न ठेवता. मग तेही थांबवलं.

जज जे बोलायचं ते बोलले. एक म्हणाला तुमच्यात जादू आहे पण आज ती हरवली. जजबाई रडली. आधी मेकअपवाली आली होती.

मी खाली उतरलो. मशीन रूमच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती, समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर आतलं सगळं दिसतं. थर्मास मांडीवर. तिने बघितलं होतं. तिला माहीत नव्हतं की सांगणारा मी. ती मला फक्त एसीवाला म्हणून ओळखत होती, रोज जाता येता मान हलवायची. आताही हलवली. मग झाकण उघडलं, चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. मी कसा दिसत होतो कोण जाणे, की तिला तो मला द्यावासा वाटला. मी नो म्हटलं. तिने परत पुढे केला. मी अजून मोठ्याने नो म्हटलं. तिने हात मागे घेतला आणि आत बघत बसली, तो कधी बाहेर येतो म्हणून. चहा तिच्या हातात तसाच होता.

प्रेक्षक गेले. दिवे उतरवले. साउंडवाला तेवढा खाली माइक तपासत होता, हेडफोन लावून. मशीन बंद करायला मला वर जायची गरज नव्हती, ते खालूनच बंद होतं. तरी मी वर गेलो.

घड्याळ बघितलं. मनातल्या मनात ट्रॅक सुरू केला. चार दिवस ऐकून तो मला पाठ होता. एक्केचाळीसला पाना पत्र्यावर मारला. एकदा. आवाज डक्टमधून गेला आणि खाली रिकाम्या स्टेजवर उतरला, बरोबर जिथे मी म्हटलं होतं तिथे. सत्तरला मारला. एकशे अठराला मारला. मग आणखी दोन मारले, त्यांचा त्या गाण्याशी काही संबंध नव्हता.

वॉकीटॉकी खरखरली. "हबीबी, फिर वही टिक. ये डक्ट है ना?"

मी बटण दाबलं. "हां. डक्ट है."

पाच मिनिटांत पुण्याची पोरगी धापा टाकत जिना चढून आली. हातात कागदांचं पॅड.  म्हणाली, "काका, पण मग ती बाई? तुम्हीच म्हणाला होतात तिची अंगठी. आपण तिला बाहेर बसवलं."

"उगाच बसवलं," मी म्हटलं.

"कॅमेऱ्यात दिसत होतं हो."

"अंगठी बोटात असते, बोट हलतं. आवाज वरून येत होता. माझ्या डक्टचा. रबर गेलंय."

"काका, हे रिपोर्टमध्ये जाईल. तुमच्या कंपनीला जाईल."

"जाऊ दे. आणि त्या दोघांनाही सांग. आजच सांग, ते निघायच्या आधी."

 ती म्हणाली, निकाल बदलणार नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. मग तिने पेन काढलं आणि पुन्हा एकदा विचारलं, नक्की का.

"डक्टच वाजत होता," मी म्हटलं. "लिही तसं."

तिने लिहिलं.